भिडे मास्तरांचं घर आणि आमची भाडेपावती

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. म्हणे मालिकांतली घरं निव्वळ थापा. ‘फ्रेंड्स’ या अमेरिकन मालिकेतल्या मोनिकाला हॉटेलात स्वयंपाक करून मॅनहॅटनमध्ये एवढं घर परवडणार नाही, ‘तारक मेहता’तल्या भिडे मास्तरांना शिकवण्यांवर गोरेगावात राहता येणार नाही, आणि असली घरं बघूनच आपल्या मुलांना भलत्या अपेक्षा लागतात.

मोनिकाचं आधी घेऊ. ते घर तिच्या आजीच्या नावावर आहे, जुन्या नियंत्रित भाड्याचं, आणि ती तिथे नियमाबाहेर राहते. हे मालिकेतच सांगितलंय. चौथ्या सीझनमध्ये इमारतीची देखभाल करणारा माणूस त्यावरूनच मोनिका आणि तिची मैत्रीण रेचेल यांना बाहेर काढायची धमकी देतो. यात न पटण्यासारखं काय आहे? आमच्या वाड्याच्या भाडेपावतीवर अजून आजोबांचं नाव लागतं. त्यांना जाऊन एकवीस वर्षं झाली. रक्कम सत्तेचाळीस रुपये. मुंबई राज्याचा १९४७चा भाडे कायदा १९६०नंतर गुजरातेतही चालू राहिला, त्याच्याच आधारावर आमच्यासारखी कितीतरी बिऱ्हाडं टिकली. आमच्या पगारावरून आमचं घर ताडायला गेलात तर तेही थापच वाटेल.

भिडे मास्तरांच्या बाबतीत मात्र मला खरा राग आला. मजकूर लिहिणाऱ्यानं त्यांच्या बायकोला, माधवीला, हिशेबातच धरलेलं नाही. तिचा लोणची-पापडांचा धंदा आहे आणि मालिकेत तो सतत दिसतो. माझ्या आईनं बावीस वर्षं हेच केलं. पहाटे उडदाचं पीठ कुटायचं, दोऱ्यानं लाट्या कापायच्या, ऊन चढायच्या आत गच्चीवर जुन्या लुगड्यावर पापड पसरायचे. ऑर्डरी एका लाल वहीत. माझ्या इंजिनिअरिंगची फी त्या वहीतून गेली, पण कुणी विचारलं की आम्ही सांगायचो, “बाबा नोकरीला आहेत.” तीच चूक हा मजकूर करतो.

घरं मोठी दिसतात, हे कबूल. प्रेक्षकांसमोर तीन कॅमेरे लावून मालिका चित्रित करायची पद्धत १९५१च्या ‘आय लव्ह लूसी’ या अमेरिकन मालिकेनं रुजवली. कॅमेऱ्यांना फिरायला जागा लागते, म्हणून एक भिंतच नसते. ‘फ्रेंड्स’चं घरही न्यूयॉर्कमध्ये नव्हतं, कॅलिफोर्नियातल्या बरबँकच्या स्टुडिओत होतं. नाटकातला दिवाणखाना तरी कुठे आपल्या घराएवढा असतो?

राहिल्या मुलांच्या अपेक्षा. माझा भाचा गेले सहा महिने गोत्रीकडे फ्लॅट बघतोय. त्याच्या तोंडी मोनिका नसते, हप्ता असतो. बिल्डरच्या छापील पत्रकात १२०० फूट लिहिलेला फ्लॅट गेल्या रविवारी आम्ही दोघांनी टेप लावून मोजला. आतून ७२० भरला.