1970 साली कोण मोजत होतं? नागपूरकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नागपूरकर साहेब, नमस्कार. तुम्ही नाव टाकलं नाहीत म्हणून असंच म्हणतो, चालवून घ्या. प्रतिक्रिया रविवारीच वाचली होती पण दोन ओळी खरडून सुटण्यासारखी नव्हती, म्हणून वेगळी पोस्टच टाकतोय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मागच्या वेळी मी भारताच्या हवेचा 1970 पासूनचा आलेख टाकला होता. त्यावर साहेबांचं म्हणणं असं की 1970 ला मोजायला होतं कोण, हे सगळे आकडे एसीत बसून पाडलेत. लहानपणी घरोघर चुली होत्या, स्टेशनात कोळशाची इंजिनं होती, तेव्हाच धूर जास्त होता, आणि आज चौकातल्या बोर्डावर सल्फर डायऑक्साइड रोज हिरव्यात दिसतो मग वाढला कुठे? वर 'चीनचं कौतुक करायला लाज वाटली पाहिजे' हेही आहेच.

आधी माझी चूक. आलेखाखाली मी 'प्रदूषण' लिहिलं होतं, तिथे 'उत्सर्जन' पाहिजे होतं. हा काही नुसता शब्दांचा खेळ नाही. चिमणीतून, सायलेन्सरमधून, चुलीतून किती बाहेर पडलं ते उत्सर्जन, आणि तुम्ही उभे आहात तिथल्या हवेत त्यातलं किती आहे ते प्रदूषण. मधे वारा आहे, पाऊस आहे, चिमणीची उंची आहे. तुमची निम्मी तक्रार माझ्या त्या एका शब्दामुळे आहे, ती मान्य.

आता कोण मोजत होतं. कोणीच नाही! उत्सर्जन मोजत नाहीत हो, त्याचा हिशोब मांडतात, किराणा दुकानदार उधारीची वही मांडतो तसा. किती जाळलं, गुणिले, एक टन जाळल्यावर काय किती निघतं. पहिला आकडा सरकार दरबारी असतोच, कारण त्यावर पैसे असतात. 1970-71 ला देशात साधारण 7.3 कोटी टन कोळसा निघाला, 2024-25 ला 100 कोटींच्या वर गेला, हे काही पर्यावरणवाल्यांनी काढलेले आकडे नाहीत. आणि दुसरा आकडा तुमच्या नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्रावरच काढून बघू. आपल्या कोळशात (आसामचा सोडला तर) गंधक कमी, ढोबळमानाने अर्धा टक्का. म्हणजे एका टनात 5 किलो. जळताना गंधकाला तेवढ्याच वजनाचा ऑक्सिजन चिकटतो, की झाला 10 किलो सल्फर डायऑक्साइड, थोडं राखेत राहतं ते सोडून द्या. वीज बनवणारा 660 मेगावॅटचा एक संच फुल लोडवर तासाला साधारण 400 टन कोळसा खातो. म्हणजे तासाला 4 टन वायू, एका संचातून, आणि तिथे असे तीन आहेत. हे दहावीचं केमिस्ट्री आहे, एसी लागत नाही.

हाच कोळसा राखेच्या बाबतीत मात्र वेगळं बोलतो. आपल्या कोळशात 35-40 टक्के राख, म्हणजे खरं तर आकाश काळं व्हायला पाहिजे होतं, पण चिमणीच्या आधी ईएसपी, म्हणजे विजेने राख ओढून धरणारे सापळे, बसवलेले असतात, ते नीट चालले तर 99 टक्क्यांवर राख तिथेच धरतात (मग ती राख तलावात जाऊन काय करते हे तुम्हा नागपूरकरांना मी सांगायला नको). म्हणून कोळसा चौदा पट झाला तरी चिमणीतली धूळ चौदा पट झाली नाही. गंधकाचा वायू मात्र ईएसपीला अडत नाही, त्यामुळे तो कोळशाच्या मागे मागे चढत गेला. 'प्रदूषण वाढलं का कमी झालं' असा एकच प्रश्न विचारला की उत्तर चुकतंच, आधी विचारायचं, कशाचं?

चुलीबद्दल तुम्ही बरोबर आहात, आणि अर्धे चूकही. 2011 च्या जनगणनेत 100 घरांपैकी 49 घरं लाकडावर, 8 गोवऱ्यांवर रांधत होती आणि गॅस जेमतेम 28-29 घरांत. मग 2016 ला उज्ज्वला आली, आठ कोटीवं कनेक्शन 2019 ला आपल्या औरंगाबादेतच दिलं गेलं. म्हणजे चूल गेली? माझी आत्या वर्धा जिल्ह्यात असते. मागच्या दिवाळीत गेलो तर सिलेंडर ओट्याखाली, वर विणलेला रुमाल, शेगडी लख्ख. त्यावर फक्त आमचा चहा झाला. भाकरी चुलीवर, दूध वैलावर, आंघोळीचं पाणी मागच्या अंगणात पऱ्हाट्या (कापसाच्या वाळक्या काड्या) घालून. मी म्हटलं आत्या, गॅस आहे ना, तर म्हणे 'पऱ्हाट्या फुकट हायेत, सिलेंडर तुझा बाप भरते का?' (माझा बाप तिचा सख्खा भाऊ, त्यामुळे तिला तो हक्क आहे.) आता सांगा, हे घर आकड्यात कुठे टाकायचं? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (एनएफएचएस) 58.6 टक्के घरं स्वच्छ इंधनात धरली, खेड्यात 43. पण तिथे घर मुख्यतः कशावर रांधतं तेवढंच विचारतात, मागच्या अंगणातलं पाणी कुणी विचारत नाही. म्हणून चुलीच्या धुराचा, काजळीचा हिशोब दुपटीनेसुद्धा इकडेतिकडे होऊ शकतो. तुम्हाला आकड्यांवर शंका घ्यायचीच असेल तर इथे घ्या, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. कोळशावर नका घेऊ.

आणि लहानपणीचा धूर. तो खराच होता, इंजिनाची चिमणी डोक्यावर 15 फुटांवर, चूल तर नाकाखालीच. आज तोच कोळसा 275 मीटर उंच चिमणीखाली जळतो, आणि सल्फर डायऑक्साइडला रंग नसतो. चौकातलं मशीन हिरवं दाखवतं कारण तो वायू तुमच्या चौकात उतरतच नाही, वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातो, आणि वाटेत शेतातल्या युरियातून, गोठ्यातून उडालेला अमोनिया भेटला की त्याचे बारीक कण होतात. मग तिकडे कुठेतरी दुसऱ्याच गावच्या बोर्डावर पीएम 2.5 (याच बारीक कणांचा आकडा) लाल होतो. तिथले लोक टायर जाळणाऱ्याला शिव्या देतात. नेमका हाच युक्तिवाद सरकारनेही केलाय बरं का: शहरांच्या हवेत हा वायू मर्यादेत आहे, 24 तासांची मर्यादा 80 मायक्रोग्रॅम, मग धुराड्यावर खर्च कशाला. डिसेंबर 2015 ला नियम केला, दोन वर्षांत गंधक धुणारी यंत्रणा म्हणजे एफजीडी बसवा म्हणून. मग मुदत वाढली, परत वाढली, परत वाढली, आणि जुलै 2025 ला साधारण 78 टक्के संचांना त्यातून सूटच मिळाली. मला हे पटत नाही. आणि जमत नाही असंही नाही, आपल्या डहाणूच्या केंद्रात समुद्राच्या पाण्यावर चालणारा एफजीडी 2007 पासून आहे, तोही डहाणूच्या लोकांनी आणि कोर्टाने मागे लागून बसवून घेतला म्हणून.

चीनचं कौतुक नाही हो, वजाबाकी आहे. 2017 ला नासा आणि मेरीलँड विद्यापीठाच्या लोकांनी उपग्रहावरून बघितलं तर 2007 नंतर चीनचा सल्फर डायऑक्साइड 75 टक्के घटलेला आणि आपला 50 टक्के वाढलेला. कोळसा त्यांचा कमी झाला नव्हता, त्यांनी एफजीडी बसवले आणि चालवले. 'आकडे पाडलेत' याचंही उत्तर यातच आहे, कारण उपग्रह आपली वही वाचत नाही. 2004 ला सोडलेल्या ऑरा उपग्रहावरचं यंत्र थेट हवा बघतं, आणि सिंगरौलीच्या कोळसा वीज केंद्रांवर त्याला ठिपका दिसतो तो दिसतोच. 1970 साठी मात्र वहीच, तिथे तुम्ही जिंकलात.

गाड्यांचं तुम्ही काढलंच नाहीत, तिथे तर मी सरकारची बाजू घेतली असती. गाड्यांच्या धुरासाठीच्या भारत स्टेज (बीएस) नियमांपैकी बीएस-3 च्या डिझेलमध्ये गंधक 350 पीपीएम (दहा लाखांत 350 भाग) होतं, 2017 ला बीएस-4 मध्ये 50, आणि एप्रिल 2020 पासून बीएस-6 मध्ये 10, मधला बीएस-5 टप्पा गाळूनच टाकला. जे रिफायनरीत जमलं ते धुराड्यात का नाही, एवढाच माझा प्रश्न होता आणि आहे.

आलेखाखालचा शब्द बदललाय, पान रिफ्रेश करून बघा. आणि कोराडीच्या बाजूला राहत असाल तर राख तलावाबद्दल लिहा ना, इथेच छापतो, नाव न टाकता.