पिशवी साफ झाली, मग आता बीटा कशाला?

बीटा एचसीजी म्हणजे गुड न्यूजची टेस्ट, हा समज लोकांच्या डोक्यात इतका घट्ट बसलाय की आता त्याचा जाच व्हायला लागलाय. मी पुण्यात, सिंहगड रोडच्या एका लॅबमध्ये काम करते. आमच्याकडे हीच टेस्ट द्राक्षगर्भाच्या बायकाही करायला येतात. त्यात बाळ नीट धरत नाही, वारच भलतीसलती वाढते आणि तिच्यात पाण्याचे फुगे होतात. पिशवी साफ करतात, आणि घरच्यांच्या लेखी विषय संपतो. डॉक्टर मात्र दर आठवड्याला बीटा सांगतात.

मध्यंतरी भोरहून एक सासू-सून आल्या होत्या. जुने रिपोर्ट कॅरीबॅगमध्ये घडी घालून आणलेले. आकडा हजारांतून शेकड्यांत उतरलेला. सासूबाई म्हणाल्या, "अहो ताई, उतरलाय ना आकडा? मग परत कशाला? स्वारगेटपर्यंतचं भाडं, वर दिवसाची मजुरी जाते." त्यांचं खोटं नव्हतं. एवढ्याशा रक्तासाठी अख्खा दिवस घालवायचा, ही आपल्या व्यवस्थेची लाज आहे. पण "परत कशाला" या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच हवं, आणि ते देताना मला अमेरिकेतल्या संशोधक ज्युडिथ व्हायटुकायटिस आठवतात.

त्याआधी थोडं मागचं. द्राक्षगर्भानंतर कधीकधी होणारा वारेच्या पेशींचा कॅन्सर, कोरिओकार्सिनोमा, पूर्वी बाईचा जीवच घ्यायचा. 1956 मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत रॉय हर्ट्झ आणि मिन चिउ ली यांनी त्यावर मेथोट्रेक्सेट हे पेशींची वाढ रोखणारं औषध वापरलं. गाठी विरघळल्या. पण वारेच्या पेशी जो हार्मोन सोडतात, तोच एचसीजी, लघवीत थोडा उरलेला दिसला, म्हणून ली औषध देत राहिले. वरिष्ठांचं म्हणणं, बाई बरी दिसतेय, मग विषारी औषध कशाला? लींना नोकरी गमवावी लागली. नंतर कळलं, हार्मोन पूर्ण जाईपर्यंत ज्यांना औषध मिळालं, त्यांचा आजार उलटला नाही. म्हणजे सासूबाईंचा प्रश्न तिथल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही पडला होता!

आता अडचण ही, की "थोडा उरलेला" हार्मोन मोजायचा कसा? एचसीजी दोन साखळ्यांचा असतो. त्यातली अल्फा साखळी पाळीशी संबंधित एलएच, एफएसएच या हार्मोनमध्ये आणि थायरॉइडच्या टीएसएचमध्येही तीच; बीटा साखळी तेवढी वेगळी. एलएच तर बाईच्या रक्तात कायमच असतो. जुन्या टेस्टला दोघांतला फरक कळायचा नाही. खालच्या पातळीला आकडा आला की तो कॅन्सरचा की मेंदूतल्या पिट्युटरीचा, सांगणार कोण?

व्हायटुकायटिसबाईंनी नेमका हा गुंता हातात घेतला. ग्लेन ब्राउनस्टाइन आणि ग्रिफ रॉस सोबत होते. सशांना अख्खा हार्मोन न टोचता फक्त बीटा साखळी टोचली, आणि त्यातून फक्त एचसीजीला धरणारी अँटिबॉडी मिळवली. 1972 मध्ये पेपर आला. (योगायोग बघा, त्याच वर्षी ली आणि हर्ट्झ यांना वैद्यकातला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.) हेतू होता कॅन्सरच्या बायकांवर नजर ठेवण्याचा. पण इतका बारीक आकडा पकडता येतो म्हटल्यावर दिवस राहिल्याचंही लवकर कळू लागलं. मेडिकलवाला कागदात गुंडाळून देतो त्या पट्टीतही बीटा ओळखणारी अँटिबॉडी असते. बाई पुढे एनआयएचमध्येच एका मोठ्या केंद्राच्या संचालक झाल्या, 2018 मध्ये गेल्या. आपल्याकडे त्यांचं नाव कुणाला माहीत नाही. मला स्वतःला हे काम नोबेलच्या तोडीचं वाटतं, पण आमच्या मताला विचारतो कोण.

तर ज्यांच्या घरात द्राक्षगर्भ झालाय त्यांच्यासाठी. आकडा उतरला आणि आकडा संपला, यांत फरक आहे. मध्येच तो थांबला किंवा उलटा चढला, तर ती आजाराची पहिली खूण असू शकते, आणि त्या वेळी बाईला बऱ्याचदा काहीही होत नसतं. लवकर सापडला तर आजार औषधांनी बरा होतो, बहुतेकींना पुढे मूलही होतं. शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये करा, कारण किट बदललं की आकडे जुळत नाहीत. आणि "आता लगेच दुसरं होऊन जाऊ दे" म्हणून सुनेच्या मागे लागू नका. दिवस राहिले की बीटा चढतो, मग आजार परत आला की बाळ आलं, हे त्या आकड्यावरून आम्हालाही सांगता येत नाही. किती महिने थांबायचं ते डॉक्टर सांगतील, तोवर गर्भनिरोधक कोणतं घ्यायचं तेही त्यांनाच विचारा, आणि विचारायला नवऱ्यानेही सोबत जावं.