तीन पत्ती येते म्हणून थ्री कार्ड पोकर येतं असं नाही

पुढच्या शनिवारी मित्रांबरोबर पणजीला निघालेल्या माझ्या मावसभावाने मला एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "दादा, हे खरं आहे का?" तोच मेसेज त्या आठवड्यात आणखी दोन ग्रुपवर दिसला. तो असा: "तीन पत्ती येते ना? मग कॅसिनोत थ्री कार्ड पोकर खेळा. खेळ तोच, फक्त नाव वेगळं. तीनात एकदा डीलर आपोआप बाद होतो, म्हणून पॅक कधीच करू नका, बिनधास्त ब्लाइंड खेळा. पेअर प्लसवर पैसे लावा, चाळीसपट मिळतात. हरलात तर पुढच्या डावाला दुप्पट लावा. आणि कोर्टानेच सांगितलंय की पोकर कौशल्याचा खेळ आहे."

यातलं एक वाक्य बरोबर आहे, आणि त्या एका वाक्यामुळेच बाकीची खरी वाटतात. म्हणून सविस्तर लिहितोय.

"खेळ तोच." पत्ते तीनच, हे खरं. दोन्ही खेळ एकमेकांचे नातलग आहेत, हेही खरं. थ्री कार्ड पोकर १९९४ मध्ये डेरेक वेब या ब्रिटिश माणसाने तयार केला, तो ब्रॅग या जुन्या इंग्रजी खेळावरून, आणि आपली तीन पत्तीही ब्रॅगच्याच घराण्यातली. पण पानांची उतरंड अगदी सारखी नाही. आपल्याकडे ट्रेल (तिन्ही पानं सारखी) सर्वांत मोठी, तिच्याखाली प्युअर सीक्वेन्स (एकाच चिन्हाची, ओळीने तीन पानं). तिथे प्युअर सीक्वेन्स वर आणि ट्रेल खाली. हिशोबाने तिथलीच उतरंड बरोबर आहे: बावन्न पत्त्यांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात, त्यांत ट्रेल ५२ आणि प्युअर सीक्वेन्स ४८. जे दुर्मीळ ते मोठं. एक्का-दुर्री-तिर्री हा आपल्या बहुतेक घरांत दुसऱ्या क्रमांकाचा सीक्वेन्स, तिथे तो सर्वांत लहान.

हे फरक डावापुरते किरकोळ आहेत, कारण असे हात आले की दोन्हीकडे आपण खेळतोच. मोठा फरक समोर कोण बसलंय याचा आहे. जागरणाच्या रात्री आपण सहा-सात जण गोल करून बसतो, तेव्हा काकाचा चेहरा वाचतो, आत्याने चाल वाढवली की विचारात पडतो, हातात काही नसताना दोघांना पॅक करायला, म्हणजे पानं टाकायला, लावतो. तीन पत्तीतलं सगळं कसब तिथे असतं. थ्री कार्ड पोकरमध्ये समोर फक्त डीलर, म्हणजे कॅसिनोचा पत्ते वाटणारा माणूस, असतो आणि त्याला काही ठरवायचंच नसतं. तुम्ही अँटी, म्हणजे पानं मिळण्याआधीची बाजी, लावता, तुम्हाला तीन आणि त्याला तीन पानं मिळतात. तुम्ही आपली पाहून एकतर पॅक करता, म्हणजे अँटी गेली, किंवा अँटीइतकेच पैसे प्ले म्हणून लावता. मग तो पानं उलटी करतो. त्याच्याकडे निदान राणी नसेल तर तो बाद: तुम्हाला अँटी परत, वर तेवढेच पैसे मिळतात आणि प्लेचे पैसे जसेच्या तसे परत. राणी किंवा त्याहून मोठं असेल तर तुलना होते आणि जिंकलात तर दोन्ही परत आणि वर दोन्हींइतकेच पैसे, हरलात तर दोन्ही गेले. डीलर घाबरत नाही, फसत नाही. वीस वर्षं तीन पत्ती खेळून कमावलेलं सगळं या टेबलावर निरुपयोगी ठरतं.

ब्लाइंडचंही तसंच. तीन पत्तीत ब्लाइंड, म्हणजे पानं न बघता, खेळण्याला अर्थ आहे, कारण पानं बघितलेल्याला ब्लाइंडच्या दुप्पट लावावं लागतं. न बघण्याबद्दल सूट मिळते. इथे कसलीही सूट नाही. पानं न बघता प्ले लावणं म्हणजे फुकट मिळालेली माहिती फेकून देणं.

आता ते बरोबर वाक्य. "तीनात एकदा डीलर बाद होतो." गुलाम किंवा त्याखालच्या पानांचे, जोडी, सीक्वेन्स किंवा कलर (तिन्ही पानं एकाच चिन्हाची) यांपैकी काही नसलेले हात ६,७२० भरतात. २२,१०० मध्ये ते ३०.४ टक्के. म्हणजे तीनातून एकदा म्हणायला हरकत नाही. पण त्यावरून "पॅक कधीच करू नका" हे निघत नाही, उलटं निघतं.

समजा अँटी ५०० ची आहे आणि तुमच्या हातात गुलाम-सात-तीन आलंय. पॅक केलंत तर ५०० गेले, विषय संपला. प्ले लावलंत तर काय होईल? शंभरातून साधारण ३० वेळा डीलर बाद होईल आणि तुम्हाला ५०० मिळतील. उरलेल्या ७० वेळा त्याच्याकडे राणी किंवा वरचं काही असेल, आणि गुलामाने राणी मारता येत नाही, म्हणजे त्या सगळ्या वेळा हजार जाणार. गोळाबेरीज केली तर दर डावाला सरासरी साडेपाचशे रुपये किंवा थोडा जास्तच तोटा. पॅकमध्ये ५००. डीलर तीनात एकदा बाद होतो म्हणून प्ले फायद्याचा, असं वाटतं ते इथेच चुकतं: तो बाद झाला की एक पट मिळते, पण तो बाद झाला नाही की दोन पट जाते.

मग कुठपर्यंत खेळायचं? तुमच्याकडेही राणी असेल तर डीलर पात्र ठरूनही क्वचित हरू शकतो, म्हणून चित्र बदलतं. गणिताने सीमा बरोबर राणी-सहा-चार या हातावर पडते. तो हात किंवा त्याहून मोठा आला तर प्ले, राणी-सहा-तीन किंवा त्याखाली आला तर पॅक. बस, या खेळाची सगळी रणनीती एवढीच. ती पाळली तर सुमारे एक तृतीयांश हात टाकावे लागतात आणि कॅसिनोचा वाटा अँटीच्या ३.३७ टक्के राहतो. सहा-चार विसरलात आणि नुसतं "राणी असेल तर खेळ" एवढं लक्षात राहिलं, तरी तो ३.४५ होतो, फार बिघडत नाही. मेसेजप्रमाणे प्रत्येक हात ब्लाइंड खेळलात तर ७.६५. तासाला चाळीस डाव धरले, तर ५०० च्या अँटीवर रणनीती पाळणाऱ्याचा सरासरी तोटा ६७४ रुपये आणि ब्लाइंडवाल्याचा १,५३०. एकाच टेबलावर, एकाच वेळात.

आणि हे नीट वाचा: शहाण्या खेळाडूचाही आकडा तोट्याचाच आहे. रणनीती शिकून तुम्ही कमावत नाही, कमी गमावता. शंभर डावांत १,६८५ रुपये हा सरासरी तोटा, पण एका रात्रीत नशिबाचे हेलकावे त्याच्या कितीतरी पट मोठे असतात. त्यामुळे पुष्कळ लोक जिंकून घरी येतात, खरोखर जिंकून, आणि असे मेसेज तेच लिहितात. हरलेला माणूस ग्रुपवर काही लिहीत नाही.

पेअर प्लसचे चाळीसपट. ही वेगळी बाजी, फक्त तुमच्या तीन पानांवर, डीलरचा संबंध नाही. जोडी किंवा वरचं काही आलं तर पैसे. चाळीसपट मिळतात ते प्युअर सीक्वेन्सला, आणि तो सरासरी ४६० डावांत एकदा येतो. चाळीस डावांच्या हिशोबाने साडेअकरा तास बसावं लागेल. बाकीचे दर बऱ्याच टेबलांवर असे असतात: ट्रेलला ३०, सीक्वेन्सला ६, कलरला ३, जोडीला १. आता २२,१०० हात प्रत्येकी एकदा आले आणि दरवेळी रुपया लावला असं धरा. काहीच न आलेले १६,४४० हात, तेवढे रुपये गेले. जिंकलेल्या हातांचे मिळून १४,८३२ आले. तूट १,६०८ रुपयांची, म्हणजे ७.२८ टक्के. जिथे कलरला ३ ऐवजी ४ देतात तिथे तूट ५१२ वर येते, २.३२ टक्के. चाळीसपटीकडे सगळे बघतात, खेळ ठरतो तो कलरपुढच्या त्या एका आकड्यावर. २२,१०० पैकी कलरचे हात १,०९६, प्युअर सीक्वेन्सचे ४८.

दुप्पट लावत जाणं हा सल्ला कुठल्याही टेबलावर धोक्याचा, इथे तर तो स्वतःच्या हिशोबातही बसत नाही. प्ले लावून हरलात की ५०० नव्हे, हजार जातात. पुढे हजाराची अँटी, पुन्हा प्ले लावून हरलात की आणखी दोन हजार. एकूण तीन हजार गेले. आता दोन हजाराची अँटी लावलीत आणि नेमका डीलर बाद झाला, तर जिंकूनही दोनच हजार मिळतात. हजाराचा खड्डा तसाच. त्यात प्रत्येक टेबलाला वरची मर्यादा असतेच.

शेवटी कोर्ट. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका क्लबच्या खटल्यात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं, ते सगळ्यांना पाठ आहे. त्याच निकालात फ्लश, ब्रॅग अशा नावांनी चालणारा तीन पत्त्यांचा खेळ निव्वळ नशिबाचा असल्याचंही म्हटलंय. पोकर कौशल्याचा की नाही हा वाद खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात त्या पोकरचा आहे. मांडवीतल्या बोटींवर हे टेबल चालतं ते गोव्याच्या १९७६ च्या जुगार कायद्यात नंतर केलेल्या दुरुस्त्यांमुळे, परवाना घेऊन. तो परवाना जुगाराचाच आहे.

भावाला मी जाऊ नकोस असं म्हटलं नाही. रात्रीचे किती पैसे, ते आधी ठरव आणि तेवढेच बरोबर ने, एवढं सांगितलं आणि राणी-सहा-चार कागदावर लिहून दिलं. त्याने विचारलं, कलरला ३ देतात की ४ हे कुठे कळतं? बहुतेक ठिकाणी टेबलाच्या कापडावरच छापलेलं असतं. नसेल तर बसण्याआधी डीलरला विचार, तो सांगतो.