बाहेर हात लावलाय का?

वॉरंटीतली गाडी सर्व्हिस सेंटरच्या फाटकातून आत गेली, की तिचा आवाज बंद होतो. सिंहगड रोडच्या खड्ड्याखड्ड्यात कुरकुरणारी स्कूटर तिथे इन्स्पेक्शनच्या दिवशीच्या वर्गासारखी गप्प! म्हणून आवाज आधीच मोबाइलवर रेकॉर्ड करावा. गार इंजिनला येतो की गरम, ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर, हेही लिहून न्यावं. नाहीतर जॉब कार्डावर 'जनरल चेकअप' उमटतं आणि गाडी नुसती धुऊन मिळते.

मग ॲडव्हायझर विचारतो, "बाहेर कुणी हात लावलाय का?" स्वर थेट सोवळ्यातल्या आजीचा.

त्याचंही एक दुखणं आहे. बदललेला पार्ट कंपनीकडे जातो आणि तिला क्लेम पटला तरच डीलरला पैसे मिळतात. पण हात लागला म्हणून अख्खी वॉरंटी बाटायला नको. स्पर्धा आयोगाने 2014 साली 14 कार कंपन्यांना दंड ठोकताना हेच बजावलं होतं: बाहेरच्या कामामुळे जेवढं बिघडलं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारा. (पुढे अपिलं झाली, ते ओघानं आलंच.) तरी फ्री सर्व्हिसचं कूपन चुकवू नये. 'किलोमीटर किंवा दिवस, जे आधी होईल ते' यातलं 'जे आधी' नेहमी आपल्याला उशिरा कळतं. ब्रेक शू, केबल, बल्ब, रबर वॉरंटीत नसतात. टायर-बॅटरीसाठी त्यांच्या कंपन्यांची दारं. उरतं ते सहसा न बिघडणारं.

कूपनं संपली, की ऑइल घरी बदलायला माझी ना नाही. आधी डबा वाचा. मोटारसायकलचा क्लच बहुधा इंजिन ऑइलातच बुडालेला असतो, तिथे जासो (डब्यावर छापलेला जपानी दर्जा) एमए किंवा एमए2 हवं. गिअरलेस स्कूटरला एमबी. कारचं उरलेलं ऑइल 'वाया कशाला घालवा' म्हणून बाइकमध्ये ओतलं, की क्लच घसरू शकतो आणि वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट क्लचप्लेटांना जातात. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून कोमट करा, बंद करून मेन स्टँडवर घ्या आणि खालचा ड्रेन बोल्ट काढून जुनं ऑइल गळू द्या. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घाला. नाना पेठेत तो किरकोळीत मिळतो. बोल्ट आधी बोटांनी बसवा, मग पाना. चेंबर ॲल्युमिनियमचं, सगळा राग पान्यावर काढला, की आटे जातात. ऑइल मॅन्युअलमध्ये असेल तेवढंच. जास्त झालं तर एअर फिल्टरच्या डब्यात चढतं आणि गाडी धूर काढते. बिल आणि मीटरवरच्या आकड्याचा फोटो जपा. नवा हॉर्न बसवायला वायर मात्र कापू नका, कपलर (तयार जोड) मिळतो. कापलेली वायर कंपनीच्या हाती आयतं कोलीत.

राहिलं जुनं ऑइल. ते गटारात न ओतता बाटलीत भरून कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला द्यावं. तो बाटली उजेडात धरतो, नाक मुरडतो आणि विचारतो, "घरी हात लावलात वाटतं?"