कोयता कुठे आहे, हे फक्त कारखान्यालाच कसे कळते?

ऊसतोड मजुरांची मुले लसीवाचून राहतात कारण त्यांचे आईबाप अडाणी आहेत, हे वाक्य मी यापुढे निमूटपणे ऐकून घेणार नाही. दर हंगामात ते कोणीतरी बोलतेच, आणि बोलणाऱ्याच्या नातवाला बहुधा संध्याकाळी सात वाजता खासगी बालरोगतज्ज्ञाची वेळ मिळते, पुढच्या डोसची आठवण मोबाइलवर येते आणि ताप कमी यावा म्हणून महागडी लसही निवडता येते.

बीड जिल्ह्यातली टोळी दिवाळीच्या सुमारास गाव सोडते आणि मार्च-एप्रिलपर्यंत कोल्हापूर, सांगली, सोलापूर किंवा थेट कर्नाटकातल्या फडात असते. सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या बाळाचे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस जवळजवळ सगळे याच काळात येतात. फेब्रुवारी-मार्चमधल्या बाळाला नऊ महिने पूर्ण होऊन गोवर-रुबेलाची लस द्यायची वेळ येते, तेव्हाही आईबाप फडातच असतात. लसीकरणाचे सत्र मात्र भरते दिवसाढवळ्या, ऐन कामाच्या वेळी, गावातल्या अंगणवाडीत, आणि त्या वेळी आई मोळ्या बांधत असते. नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. तो एक दिवस थांबला की खाडा पडतो आणि मुकादम तो उचलीच्या, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांच्या, हिशेबात धरतो. पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या लसीनंतर बाळ तापाने फणफणले, तर दुसऱ्या दिवशीही तेच. सरकारी लस मोफत आहे, हे खरे. पण या आईला तिच्यासाठी मजुरी सोडावी लागते, आणि तिच्या या हिशेबाला अडाणीपणा म्हणणाऱ्यांचा मला मनस्वी संताप येतो.

इतके सोसून ती बाळाला घेऊन आलीच, तर कार्ड गावी राहिलेले असते आणि "तुमच्या गावी घ्या" असे ऐकावे लागते. गोवर-रुबेलाची अनेक डोसांची कुपी एकदा तयार केली की चार तासांत वापरावी लागते, म्हणून एकट्या बाळासाठी ती फोडायला टाळाटाळ होते. "पुढच्या वेळी या" असे सांगितले जाते, आणि पुढचे सत्र येईपर्यंत टोळी दुसऱ्या फडावर गेलेली असते. उरलेल्या डोसांची एवढी काळजी, आणि समोरच्या बाळाची नाही? आरोग्यसेविकेवर राग काढणे मला पटत नाही, कारण तिच्या डोक्यावर आधीच स्वतःच्या गावांचा भार असतो आणि वाया गेलेल्या डोसांचा जाबही तिलाच द्यावा लागतो. माझा राग नियोजन करणाऱ्यांवर आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १२ ते २३ महिन्यांच्या मुलांमधले पूर्ण लसीकरण २०१५-१६ मधल्या ६२ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ७६.४ टक्क्यांवर गेले. ही वाढ खरी आहे आणि तिच्यामागे कष्टही आहेत. पण २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रासारख्या श्रीमंत राज्याचा आकडा ७३.५ होता, म्हणजे देशाच्या सरासरीहूनही कमी, आणि २०२२ मध्ये मुंबईत गोवराने बालके दगावली ती प्रामुख्याने गोवंडीसारख्या दाट, गरीब वस्त्यांमध्ये.

हे जमत नाही, असे तर कोणी मला सांगूच नये. पोलिओच्या वेळी पथके रेल्वे स्थानकांवर, एसटी स्टँडवर, वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जात होती, कार्ड न मागता थेंब पाजत होती, आणि जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण आढळला नाही.

कोणती टोळी आज कोणाच्या शेतात तोडते आहे, हे कारखान्याच्या शेतकी विभागाला ठाऊक असते. फडातल्या तोडीची नोंद ठेवणाऱ्या चिटबॉयकडे रोजचा हिशेब असतो, कारण उसाचे वजन चुकून चालत नाही. तीच यादी दर आठवड्याला प्राथमिक आरोग्य केंद्राकडे गेली पाहिजे, मजुरांच्या झोपड्यांवर, म्हणजे कोप्यांवर, अंधार पडल्यानंतर सत्र भरले पाहिजे, एका बाळासाठीही कुपी फोडली पाहिजे आणि लसीच्या दिवसाचा खाडा कारखान्याने भरला पाहिजे. गाळप परवाना देताना सरकारने ही अट घालावी, आणि ती पाळली नाही तर परवाना रोखावा.