व्हॅम्पायर मारायची पेटी परत फिरायला लागलीय

फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड, ह्यावेळी मामेभावाने टाकलाय. लाकडी पेटीचा फोटो, आत क्रॉस, पिस्तूल, लाकडी खुंट्या, हातोडा, छोट्या बाटल्या. खाली लिहिलंय की 19व्या शतकात पूर्व युरोपात जाणारे इंग्रज व्हॅम्पायरच्या भीतीने ही पेटी सोबत न्यायचे, ड्रॅक्युला म्हणजे खराखुरा राजा व्लाद, आणि गॉथिक हा प्रकार (म्हणजे जुने किल्ले, भुतंखेतं असल्या भयकथा, आणि त्याच नावाची टोकदार कमानींची इमारतशैली) गॉथ नावाच्या रानटी टोळ्यांकडून आला. म्युझियममध्ये ठेवलीय म्हणजे खरीच असणार ना, असं वर शेवटी.

अशी एक पेटी मी काचेपलीकडून पाहिलीय म्हणून एवढं टाईप करतेय. 2014 च्या शेवटी लंडनला ब्रिटिश लायब्ररीत गॉथिक साहित्य आणि कलेवर मोठं प्रदर्शन लागलं होतं, 'टेरर अँड वंडर', दोनशेच्या वर वस्तू, आणि गर्दी सगळी ह्या पेटीपाशी. लीड्सच्या रॉयल आर्मरीज ह्या जुन्या शस्त्रांच्या म्युझियमकडून आणलेली. आत 1851 चं प्रार्थनेचं पुस्तकसुद्धा आहे. पण रॉयल आर्मरीजच्याच जाणकारांचं म्हणणं असं की सुट्या वस्तू जुन्या असल्या तरी त्या गोळा करून पेटी मांडली बहुधा 20व्या शतकात, व्हॅम्पायरचे पिक्चर गाजल्यावर. साधी गोष्ट आहे, आजीच्या पितळी डब्यात मी काल दळून आणलेला मसाला भरला तर मसाला आजीचा होतो का? म्युझियम ती ठेवतं कारण लोकांना हे वेड कसं लागलं ते तिच्यात दिसतं, व्हॅम्पायर होते म्हणून नाही.

आणि खरं सांगू का, जुनं असल्याचं सोंग हे गॉथिकमध्ये पहिल्या दिवसापासून आहे. होरेस वॉलपोल ह्या इंग्रज लेखकाने 1764 च्या डिसेंबरात 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' ही पहिली गॉथिक कादंबरी काढली तेव्हा स्वतःचं नावच टाकलं नाही, म्हणे 1529 साली नेपल्सला छापलेलं इटालियन पुस्तक एका जुन्या घराण्याच्या लायब्ररीत सापडलं आणि हे त्याचं भाषांतर. पुस्तक खपलं, मग पुढच्या वर्षी दुसऱ्या आवृत्तीत गडी कबूल झाला की मीच लिहिलंय, आणि वर 'अ गॉथिक स्टोरी' असं जोडलं. त्याचं ट्विकनहॅमचं घर, स्ट्रॉबेरी हिल, तेही तसलंच, गॅलरीचं छत बघून वाटतं दगडात कोरलंय, आहे कागदाच्या लगद्याचं!

गॉथ टोळ्यांचं एका वाक्यात. त्यांची राज्यं 8व्या शतकातच संपली, इमारतींची टोकदार कमानींची गॉथिक शैली पॅरिसजवळ सँ-देनीला 1140 च्या सुमारास उभी राहिली, आणि 'गॉथिक' ही त्यानंतर कितीतरी वर्षांनी इटलीतल्या रेनेसाँवाल्यांनी नाक मुरडून दिलेली शिवी आहे.

आता व्लाद. 'ड्रॅक्युला' कादंबरी लिहिणाऱ्या ब्रॅम स्टोकरची टिपणं शिल्लक आहेत, त्यात त्या काउंटचं आधी नाव होतं काउंट वॅम्पायर. 1890 च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडातल्या व्हिटबीला सुट्टीवर गेला, तिथल्या लायब्ररीत विल्किन्सन नावाच्या माणसाचं वालाचियावरचं (व्लादचं राज्य, आजच्या रोमानियातलं) पुस्तक चाळताना 'ड्रॅक्युला' हे नाव आणि त्याचा अर्थ सैतान अशी तळटीप त्याला मिळाली, ती त्याने उतरून घेतली. माणसं सुळावर देणारा व्लाद त्या टिपणांत कुठेच नाही, आणि कादंबरीत काउंटचा किल्ला आहे त्या ट्रान्सिल्व्हेनियाला स्टोकर कधी गेलाही नाही. आपल्याला जास्त जवळचं म्हणजे त्याच्या ओळखीतल्या रिचर्ड बर्टनने 1870 मध्ये वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत आणल्या, नाव ठेवलं 'विक्रम अँड द व्हॅम्पायर'. वेताळाचा व्हॅम्पायर! झाडाला लटकून कोडी घालणारा आपला वेताळ, त्याला कुणाच्या रक्ताशी काय देणंघेणं. पण ह्याचा कधी फॉरवर्ड येत नाही.

बरं, पेटीवाल्यांनी निदान कादंबरी तरी शेवटपर्यंत वाचायची. खुंटी ठोकतात ती व्हॅम्पायर झालेल्या ल्युसीला आणि किल्ल्यातल्या तिघींना. खुद्द काउंट मरतो तो त्याच्या मागावर असलेल्यांच्या हातून, गळ्यावर जोनाथनची कुकरी आणि छातीत क्विन्सीचा सुरा घुसून. कुकरी, म्हणजे गुरख्यांची असते ना तीच. पेटीच्या फोटोत ती कुठे दिसतेय का बघा झूम करून.

मामेभावाने ह्यावर नुसता अंगठा टाकलाय. आणि दोन मिनिटांनी मावशीने तोच फॉरवर्ड परत.