शिट्ट्या किती?

मी बेळगावजवळच्या एका मराठी हायस्कुलात विज्ञानाचा मास्तर. यंदाच्या पावसाळ्यात माझी झोप उडवली ती एका कुकरनं. खरं तर तो कुकर नाही, ऑटोक्लेव्ह आहे, म्हंजे दाबाखालच्या वाफेनं जंतू मारायचं यंत्र, पण शिपायापासून एसडीएमसीच्या, म्हंजे शाळेच्या समितीच्या, अध्यक्षांपर्यंत सगळे कुकरच म्हणतात, आणि आता दमून मी पण तेच म्हणतो.

सुरुवात हात धुण्यापासून झाली. नववीच्या पोरांना हातावरचे जंतू वाढवून दाखवायचे होते. रविवार पेठेतनं चायना ग्रास आणला, म्हंजे आपलं अगरच, बटाट्याच्या पाण्यात साखर घालून त्यात तो विरघळवला, काचेच्या पेट्री डिशा पातेल्यात रटरटा उकळल्या आणि तीन डिशा मांडल्या, एकीत न धुतलेला हात टेकवला, दुसरीत साबणानं धुतलेला, आणि तिसरीला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही असा दम भरून ती झाकून ठेवली. चार दिवसांनी बघतो तर तिन्हीत जंगल, आणि जिला कुणी हात लावला नव्हता तिच्यात आमच्या बेळगावी कुंदा मिठाईसारखं तपकिरी, दाणेदार काहीतरी, सगळ्यात जोमात. पोरं प्रामाणिक, त्यांनी वहीत निष्कर्ष लिहिला: हात धुऊन काही उपयोग नाही. पालकसभेत एका आईनं ती वही माझ्यापुढं धरली, "सर, हे तुम्हीच शिकवलासा व्हय? पोरगं आता जेवताना हात धुईना झालंय."

चूक माझीच. काही जंतू बीजाणू करून, म्हंजे टणक कवचात शिरून, बसतात आणि ते उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत, त्यात आमचं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर, इथं पाणी शंभराला पोचतच नाही, साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळायला लागतं. बीजाणूंना मारायला १२१ अंशाची वाफ लागते, १५ पौंड दाबाखाली, पंधरा-वीस मिनिटं. म्हंजे यंत्र आलं. यंत्र आलं म्हंजे पैसे आले, ते माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचनं पंधरा हजार दिले. आणि पैसे आले म्हंजे मीटिंग आली.

मीटिंगच्या आधी अर्ज. तो कन्नडमधनं जायचा होता आणि माझं कन्नड बाजारापुरतं, "एष्टु" (किती) आणि "स्वल्प कम्मी माडी" (जरा कमी करा) याच्या पुढं गाडी जात नाही. मोबाईलला इंग्रजी वाक्य दिलं, त्यानं कन्नड काढून दिलं, मी सही ठोकून पाठवलं. दोन दिवसांनी ऑफिसातनं फोन, पलीकडचा माणूस हसू दाबत विचारतोय, "सर, यारिगे माडतीरी?" कुणाला करणार? मोबाईलनं स्टरलायझरचं, म्हंजे जंतू मारायच्या यंत्राचं, 'संतानहरण यंत्र' करून ठेवलं होतं. कन्नडमध्ये संतानहरण म्हंजे कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन. आमच्या हायस्कुलानं विद्यार्थ्यांच्या हितासाठी नसबंदीचं मशीन मागितलं होतं, पंधरा हजारात, जीएसटी धरून. मराठीतनं पाठवला असता तरी मी 'निर्बीजीकरण' लिहून तिथंच पोचलो असतो म्हणा.

मीटिंगला सगळे हजर, कारण कुकर प्रत्येकाच्या घरात आणि त्यामुळं प्रत्येकजण तज्ज्ञ. आमच्या एका मेंबरचं सलून आहे. ते म्हणाले, "माझ्या दुकानात निळ्या लाईटचा डबा हाय, वस्तरे त्यातच ठेवतो, तसलाच घ्या की, वाफबिफ कशाला?" मी सांगितलं की अल्ट्राव्हायोलेट किरण जिथं पडतात तेवढंच काम करतात, सावलीतले जंतू मजेत बसून असतात. यावर ते गप्प झाले, आणि खोलीतले सात-आठ पुरुष एकेक करून आपापल्या हनुवटीवरनं हात फिरवायला लागले. मला काही तसं म्हणायचं नव्हतं.

खजिनदारांना हॉट एअर ओव्हन पाहिजे होता. का, तर त्याचं कॅटलॉग रंगीत होतं आणि पुढं लाल आकडे दिसत होते. काचेची कोरडी भांडी त्यात झकास होतात, पण १६० अंशाला दोन तास ठेवावी लागतात, आणि ओलं अगर त्यात ठेवलं तर पापड. शिवाय आमच्याकडं जुलैत सलग दोन तास लाईट म्हंजे... असो, खजिनदारच हसले.

मग अध्यक्ष म्हणाले, "सर, घरातनं कुकर आणा की, पंधरा हजार कशाला घालवायलासा?" आणि गंमत म्हंजे माणूस फार चुकीचं बोलत नव्हता. पापँ नावाच्या फ्रेंच गृहस्थानं १६७९ साली हाडं शिजवायला असलं दाबाचं भांडं केलं, आणि पाश्चरबरोबर काम करणाऱ्या शांबरलाँनं १८७९ साली त्याच युक्तीचा ऑटोक्लेव्ह केला. मधे दोनशे वर्षं. आमची मीटिंग त्या दोनशे वर्षांत दोन तास अडकून पडली. शेवटी गॅसवर चालणारा, दाबाचा काटा असलेला ॲल्युमिनियमचा बुटका ऑटोक्लेव्ह ठरला, लाईटवर विसंबायला नको म्हणून.

पहिल्या दिवशी नववी, दहावी, शिपाई, सगळे लॅबच्या दारात. काटा १५ वर गेला, मी घड्याळ लावून वीस मिनिटं मोजली, ऐटीत झाकण उघडलं. बाटलीवर एक चिकटपट्टी लावायची असते, वाफ नीट पोचली की तिच्यावर काळे पट्टे उमटतात. आमच्या पट्टीवर पुसट धुरकट काहीतरी. परत केलं, परत तेच. काटा बरोबर, वेळ बरोबर, पट्टे नाहीत.

बिसियूट, म्हंजे शाळेतलं दुपारचं जेवण, रांधणाऱ्या आक्का हातातला डाव घेऊनच आत आल्या होत्या. दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, "सर, ती शिट्टी लगेच बंद करालासा की. पहिली वाफ जाऊ दे. फुसफुस करत येत्या तवर आत वारा असतोय. दोर सोडल्यासारखी सरळ आली की मग बंद करायची." मी बी.एस्सी. बी.एड. आतली हवा निघाली नाही तर काटा दाब दाखवतो पण तापमान चढत नाही, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले आहेत. वाफ सोडायचा कॉक उघडा ठेवला, वाफ सरळ दोरासारखी येईपर्यंत थांबलो, मग बंद केला. पट्टे उमटले, डांबरासारखे काळे.

त्या खेपेला तिसरी डिश आठवडाभर कोरी राहिली. पोरांनी जुना निष्कर्ष खोडून नवा लिहिला.

आक्कांना मात्र एकच पटेना, याला शिट्टीच होत नाही तर झालं हे कळायचं कसं. मी चिकटपट्टी दाखवली. त्यांनी वीतभर तुकडा मागून नेला आणि डाळीच्या कुकरला झाकणावर, बाहेरनं चिकटवला. दुपारी मी ताट घेऊन रांगेत उभा तर म्हणाल्या, "सर, तुमचा पट्टा काय आलाच नाही बघा. पण डाळ शिजली की."